आधी वाट, मग सायकल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात शिरलात, की जाड टायरची, पुढे शॉकअप लावलेली एखादी सायकल दर्शनी भागात उभी दिसते. दुकानदार तिला ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक, म्हणतो, दहावी पास झालेला मुलगा तिच्याचसाठी हट्ट धरतो आणि घरची माणसेही ‘मजबूत दिसते’ म्हणून पैसे मोजतात. यातल्या बहुतेक सायकली पुढे क्लास, कॉलेज आणि बाजार याच फेऱ्यांत झिजतात. ज्या कामासाठी त्या घडल्या, ते काम त्यांच्या वाट्याला येतच नाही. याची खंत अधिक वाटते, कारण त्या कामाची जमीन आपल्याकडे गावाच्या शिवेपासूनच सुरू होते. पुण्याच्या टेकड्या, नाशिकभोवतीचे डोंगर, पन्हाळ्यापलीकडचे मसाईचे पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, गोव्यातली जांभ्याची माळराने. हे पुस्तक त्या जमिनीवर सायकल नेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे.

सायकलची हौस महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याची तर एके काळची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. अलीकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगने इथे चांगले मूळ धरले आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. आज दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेंना, म्हणजे ठरलेल्या वेळेत पार करायच्या लांब फेऱ्यांना, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे येतात, त्यांत पन्नाशी ओलांडलेले असतात आणि गृहिणीही असतात. पण हे सगळे डांबरावर. डांबर सुटले, मातीची वाट लागली, की यातले अनेक कसलेले सायकलस्वार बिचकतात. तिथे नुसता दम पुरत नाही. दम सरावाने वाढतो, एकट्यालाही वाढवता येतो. उतारावर सायकल हातात ठेवणे मात्र कुणी तरी दाखवावे लागते, किंवा निदान नीट समजावून सांगावे लागते. हिमाचलात आणि दक्षिणेत मातीच्या वाटांवर सायकल चालवणारी मंडळी वाढत आहेत. २०२३ साली तर आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळातल्या पोनमुडीच्या डोंगरात भरली. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी या बाबतीत मागे राहण्याचे काही कारण नाही.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते: आधी वाट पाहा, मग अंग तयार करा आणि सायकल सर्वांत शेवटी निवडा. बाजार नेमका उलटा क्रम शिकवतो. तिथे सुरुवातच मॉडेलने होते, किती गिअर, किती इंचाचे चाक, शॉकअप एक की दोन. पण या सायकलीचा जन्म पाहिला, तर ती याच क्रमाने घडली आहे, हे लक्षात येते.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीची. माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर, त्याच्या परिसरात आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते, आणि सत्तरच्या दशकात त्या रस्त्यांवरून खाली झेपावणारी काही तरुण मुले. त्यांच्याकडे डोंगरासाठी बनवलेली सायकल नव्हती, कारण तशी सायकल बाजारात मिळतच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, फुग्यासारख्या टायरच्या श्विन कंपनीच्या जड सायकली ती मुले भंगारातून आणत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. तीन-सव्वातीन किलोमीटरांत जवळजवळ चारशे मीटरची उतरण. या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक होता, पायडल उलटे दाबले की लागणारा. एका उतरणीत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. शर्यतीचे ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले.

उताराने सायकलीतला एकेक दोष उघडा केला आणि या मुलांनी तो आपल्या हातांनी दुरुस्त केला. हबचा ब्रेक जळतो म्हणून मोटरसायकलचे लिव्हर आणि रिमवरचे ब्रेक आले. वर ढकलत न्यावी लागते म्हणून गिअर आले. जुन्या फ्रेमी तुटू लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास याच कामासाठी नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये त्यांच्यातल्याच गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमी घेऊन छोटा धंदा सुरू केला आणि त्याला ‘माउंटनबाइक्स’ असेच नाव दिले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली आणि ही सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. सस्पेन्शनचा पहिला गाजलेला फोर्क, रॉकशॉक्सचा आरएस-१, १९८९ चा. पुढच्याच वर्षी कोलोराडोतल्या डुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्रीत पुरुषांचे विजेतेपद नेड ओव्हरएंड या पस्तिशीतल्या सायकलपटूने मिळवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. म्हणजे पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे. या वीस वर्षांत आलेली जवळजवळ प्रत्येक सुधारणा कुठल्या तरी वाटेवर, कुणाच्या तरी अडचणीतून निघाली. म्हणून माझा आग्रह असा, की दुसऱ्याच्या वाटेवरचे उत्तर विकत घेण्याआधी आपली वाट काय विचारते आहे, ते पाहावे.

आपली वाट फार काही विचारते. सह्याद्री बेसॉल्टचा आहे, लाव्हाच्या थरांवर थर चढून बनलेला. त्यामुळे इथला डोंगर सलग उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. मध्येच सपाट पदर लागतो, मग एकाएकी उभा कातळ, पुन्हा पदर. सोंडेवरून उतरणारी पायवाट यामुळे सतत बदलते. दहा मीटर मऊ माती, मग गुडघाभर उंचीची दगडी पायरी, मग मुरूम. टणक जमिनीवर पसरलेला मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी. त्यावर ब्रेक दाबला की चाक थांबते आणि सायकल पुढे जात राहते. कोकणात आणि गोव्यात जांभा असतो. सुका जांभा टायरला छान धरतो, पण त्याच्या खड्ड्यांच्या कडा रिमला आणि पडणाऱ्याच्या गुडघ्याला दयामाया दाखवत नाहीत. देशावर काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि एका पावसानंतर टायरला अशी चिकटते की फ्रेम आणि चाक यांच्यात गच्च बसून चाक फिरूच देत नाही. तिथे सर्वांत रुंद टायर लावणारा माणूस सर्वांत आधी थांबतो, कारण त्याच्या टायरभोवती चिखल निसटायला जागाच उरलेली नसते.

त्यात ऋतू निराळे. ऑक्टोबरात वाट ओलसर आणि घट्ट असते, पण कमरेइतक्या गवतात धोंडे आणि खड्डे लपलेले असतात. गवत वाळले की कुसळे मोज्यांत आणि चेनमध्ये शिरतात. मार्चनंतर माती मोकळी होते आणि घसारा वाढतो. जूनपासून कातळावर शेवाळ धरते, आणि शेवाळलेल्या बेसॉल्टवर कुठल्याही कंपनीचा कुठलाही टायर भरवशाचा नाही. विदेशी पुस्तके आणि व्हिडिओ उत्तम आहेत, त्यांतून पुष्कळ शिकायला मिळते. पण ती ज्या जंगलातली आहेत तिथे वर्षभर पानांचा कुजका थर असतो, किंवा सायकलसाठीच बांधलेल्या वाटा असतात. आपल्या वाटा गुरांनी, गुराख्यांनी आणि मोळीवाल्यांनी पाडलेल्या आहेत.

आता अंगाविषयी. डांबरावर सायकलस्वार सीटवर बसतो, मातीच्या उतारावर तो पायडलवर उभा राहतो. सगळ्या कौशल्यांचे मूळ एवढ्या एका फरकात आहे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरे वाकलेले, कंबर मागे दुमडलेली, हनुवटी हँडलच्या वर आणि नजर पुढे. शिकवणारे याला ‘अटॅक पोझिशन’ म्हणतात. सगळे वजन तळपायांवर असावे, तळहातांवर नाही. तपासायचे असेल तर सौम्य उतारावर या स्थितीत जाताना हँडलवरची पकड क्षणभर ढिली करून पाहावी. शरीर पुढे झुकले किंवा मागे ओढले गेले, तर तोल चुकलेला आहे. या स्थितीत सायकल अंगाखाली मोकळी राहते, दगडावर चढते, खड्ड्यात उतरते, डावी-उजवीकडे कलते, आणि वरचे धड मात्र शांत राहते. गुडघे आणि कोपरे हे आपले पहिले शॉकअप. विकतचे शॉकअप त्यांच्या मदतीला असते, त्यांच्या जागी नसते.

ब्रेकविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण इथे आपल्याकडे लहानपणापासून एक भीती घातली जाते. सायकल शिकवताना घरोघरी मुलाला सांगतात, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ ही भीती पूर्ण खोटी नाही, पण तिचे कारण वेगळे आहे. ब्रेक लागला की सायकल मंदावते, वरचे शरीर मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते आणि सगळा भार पुढच्या चाकावर येतो. भार पुढे आला म्हणजे पुढच्या टायरची जमिनीवरची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. ज्याने तो वापरायचाच नाही असे ठरवले, त्याच्याकडे उरतो मागचा. तो भार हलका झालेल्या चाकाला ताबडतोब जाम करतो, चाक घसटत जाते आणि सायकल तिरपी होते. तोंडावर पडणारा माणूस पुढचा ब्रेक दाबला म्हणून पडत नाही, तो एकदम दाबला आणि अंग सैल ठेवले म्हणून पडतो. टाचा खाली रोवून, कंबर मागे नेऊन, एकाच बोटाने हळूहळू दाब वाढवत नेला, तर पुढचा ब्रेक अतिशय विश्वासू आहे. हे शिकायला डोंगर लागत नाही. शाळेचे मैदान पुरते. जमिनीवर एक रेघ ओढावी, तिथून ब्रेक लावायला सुरुवात करावी आणि थांबण्याचे अंतर कमी करत जावे, आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग फक्त पुढच्याने, मग दोन्हींनी. फरक डोळ्यांना दिसतो आणि भीती आपोआप निघून जाते. त्याआधी कुठल्या हाताला कुठला ब्रेक आहे ते मात्र जरूर पाहावे, सगळ्या सायकलींत ती मांडणी सारखी नसते.

मुरमावर आणि वळणावर नियम बदलतो. तिथे टायरकडे पकड थोडीच असते, आणि ती वळण्यासाठी खर्च करायची की थांबण्यासाठी, हे निवडावे लागते. दोन्ही कामे एकदम मागितली, की चाक सुटते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत असताना कमी करावा आणि वळणात बोटे लिव्हरवर नुसती टेकलेली असावीत. वळताना अंग झुकवण्याऐवजी खालची सायकल झुकवावी. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली, त्यावर वजन, आतला हात सायकल खाली दाबणारा, आणि मान वळणाच्या शेवटाकडे फिरलेली. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देईन. सायकल नजरेमागे जाते. धोंडा चुकवायचा म्हणून जो त्या धोंड्याकडेच टक लावून पाहतो, तो त्याच्यावर जाऊन आदळतो. धोंड्याच्या शेजारची मोकळी हातभर जागा पाहणारा तिथून निघून जातो.

चढाची कला उताराइतकी गाजत नाही, पण आपल्या डोंगरांत दिवसाचा बहुतेक वेळ चढण्यातच जातो. उभ्या चढावर दोन संकटे असतात: पुढचे चाक उचलले जाते किंवा मागचे घसरते. दोन्हींवर उपाय एकच. सीटच्या पुढच्या टोकावर सरकावे, छाती हँडलकडे झुकवावी, कोपरे खाली आणावेत, म्हणजे दोन्ही चाकांवर वजन राहते. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. ऐन चढात, पायडलवर पूर्ण जोर असताना बदलू पाहिले, तर चेन करकरते, उडते आणि प्रसंगी तुटते. आणि जिथे जमत नाही तिथे उतरून सायकल ढकलावी किंवा खांद्यावर घ्यावी. सह्याद्रीतल्या कित्येक नाळा, घळी आणि पायऱ्यांच्या वाटा सायकलवर बसून जाण्याजोग्या नाहीतच. त्या ओळखता येणे हेही कौशल्यच आहे, आणि ज्याला ते येते त्याच्याबरोबर मी निर्धास्त जाईन.

एवढे अंगात मुरू लागले की साधनांकडे वळावे. सायकल घेताना पहिली गोष्ट माप. फ्रेम मोठी असेल तर बाकी सगळे उत्तम असूनही ती सायकल कधीच आपली होत नाही. दुकानात जे माप शिल्लक असते ते ‘सीट खाली करून देतो’ म्हणत गळ्यात मारले जाते, आणि पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसांची, विशेषतः बायकांची, यात फार फसगत होते. सीट खाली केल्याने हँडलपर्यंतचे अंतर कमी होत नाही. सायकलच्या वरच्या दांडीवरून पाय टाकून सपाट जमिनीवर उभे राहावे, मध्ये ऐसपैस जागा हवी. मग पायडलवर उभे राहून ती वाकलेल्या कोपरांची बैठक घेऊन पाहावी. हात ताणले जात असतील तर ती सायकल सोडून द्यावी, किंमत कितीही उतरवून मिळाली तरी. चाकाचे माप यानंतर. एकोणतीस इंची चाक दगडांवरून अधिक सहज जाते म्हणून आज तेच रूढ आहे, पण लहान चणीच्या माणसाला साडेसत्तावीस इंची चाकाची सायकल अधिक हाताळता येते. जुन्या सव्वीस इंचीतही काही वाईट नाही. ही सगळी विद्या सव्वीस इंचीवरच विकसित झाली.

दुसरी गोष्ट टायर. कमीत कमी खर्चात सर्वाधिक फरक इथे पडतो. सव्वादोन इंचांच्या आसपासची रुंदी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालते. त्याहून महत्त्वाची हवा. पंक्चरवाला आपुलकीने टायर दगडासारखा टणक करून देतो, पन्नास-साठ पीएसआय. डांबरावर ठीक, पण मातीवर असा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि जमीन धरतच नाही. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबच्या टायरमध्ये पंचवीस ते तीस पीएसआय पुरतात, पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त. फार कमी केली तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटली जाऊन दोन भोके पडतात. तेवढी मर्यादा आपापल्या वाटेवर शोधावी लागते, आणि त्यासाठी हवा मोजणारा काटा असलेला पंप घरी असावा. ट्यूबलेस टायरमध्ये हवा आणखी कमी ठेवता येते. पण आपल्याकडे ट्यूबलेसचे मोठे कारण दुसरेच आहे, ते म्हणजे बाभूळ. तिचा काटा कुठल्याही रबराला जुमानत नाही. टायरमधले सीलंट असे भोक जागच्या जागी बुजवते. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून वेळोवेळी तपासून भरावे लागते. ट्यूबलेस असले तरी एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप जवळ हवेतच.

ब्रेक डिस्कचेच घ्यावेत, आणि परवडत असतील तर हायड्रॉलिक. लांब उतारावर तारेचे ब्रेक हातांना थकवतात, आणि थकलेल्या हाताला एका बोटाचे हळुवार ब्रेकिंग जमत नाही. कुठल्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालते आणि कुठल्यात डॉट फ्लुइड, हे कंपनीगणिक बदलते. एकाच्या जागी दुसरे घातले, तर आतली रबरी सीले खराब होतात. गावातल्या मोटरसायकल मेकॅनिककडे हे काम द्याल तेव्हा हे त्याला आवर्जून सांगा.

गिअरच्या संख्येने मात्र कुणी हुरळून जाऊ नये. पाहायचे ते एवढेच, की सर्वांत हलक्या गिअरवर एका पायडलफेरीत सायकल किती पुढे जाते. पुढे बत्तीस दाती चेनव्हील, मागे एकावन्न दात्यांची चकती आणि एकोणतीस इंची चाक, म्हणजे साधारण १.४ मीटर. आजच्या बारा गिअरच्या सायकली इथपर्यंत येतात. पण जुन्या तीन चेनव्हीलच्या सव्वीस इंचीत पुढे बावीस आणि मागे चौतीस दाते असले, तर तीही तेवढीच हलकी चालते. पुढे एकच चेनव्हील असण्याचा खरा फायदा साधेपणाचा आहे: मोडण्याजोगे भाग कमी, चेन पडण्याची शक्यता कमी.

शॉकअपबद्दलचे माझे मत स्पष्ट आहे. स्वस्त सायकलीला दोन्हीकडे शॉकअप असेल तर ती घेऊ नये. त्यातली स्प्रिंग दबते आणि तितक्याच जोराने उसळते, कारण ती उसळी आवरणारी, तेलावर चालणारी यंत्रणा त्यात नसतेच. वजन वाढते, पायडलचा जोर वाया जातो, आणि खडकाळ उतारावर सायकल उलट स्वाराला उडवते. त्याच पैशात मागे शॉकअप नसलेली, पुढे शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणाऱ्या बऱ्या फोर्कची हार्डटेल मिळते, आणि आपल्या बहुतेक वाटांना तीच सायकल योग्य आहे. ती स्वाराला दगडांमधून जाण्याची रेषा निवडायला शिकवते. पुढे वाटा अधिक खडतर झाल्या, की एकशेतीस-एकशेचाळीस मिलिमीटरच्या फुल सस्पेन्शनचा विचार जरूर करावा. हवेवर चालणारा फोर्क असेल तर तो आपल्या वजनाला लावून घ्यावा. सगळे सामान अंगावर घालून अटॅक पोझिशनमध्ये उभे राहिल्यावर तो जितका पूर्ण दबू शकतो त्याच्या सुमारे पाचवा हिस्सा दबला पाहिजे. महागडे फोर्क घेऊन त्यातली हवा कधीच न तपासणारे खूप असतात. त्यांनी मोजलेल्या पैशांचा अर्धा उपयोग वाया जातो.

हेल्मेट, बोटे झाकणारे हातमोजे, डोळ्यांवर पारदर्शक चष्मा आणि सुरुवातीच्या दिवसांत गुडघ्यांचे पॅड, यांचे पैसे सायकलच्या बजेटमधूनच बाजूला काढावेत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर सरळ बसले पाहिजे. एकदा जोरात आदळले, की वरून धड दिसले तरी बदलले पाहिजे. पावले पायडलला अडकवणारे बूट सुरुवातीला नकोत. साधे रुंद पायडल आणि सपाट तळव्याचे बूट यांनी पाय पटकन टेकता येतो. डोंगरात एकट्याने जाऊ नये, जाताना कुठल्या वाटेने जातो ते घरी सांगून जावे. उन्हाळ्यात पाणी वाटते त्याहून जास्त लागते. कातळकड्याखाली आग्या मोहोळ दिसले, तर आवाज न करता मागे फिरावे.

शेवटी जमिनीविषयी, कारण सुरुवात तिथूनच केली होती. राखीव वनांत आणि अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेऊ नये. संरक्षित किल्ल्यांच्या तटांवरून आणि पायऱ्यांवरून ती चालवूच नये, तिथे पायीच जावे. कास, मसाई आणि कोकणातले सडे पावसाळ्यात पाहायला जा, पण सायकल रस्त्यावर ठेवून. कातळावरच्या दोन बोटे मातीत वर्षभर वाट पाहून उगवणारी फुले एका टायरच्या माऱ्यात मरतात, आणि ओल्या मातीत पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहळ होते. मुसळधार पावसानंतर वाटेला दोन-तीन दिवस सुकू द्या. मागचे चाक जाम करून धूळ उडवण्याचा मोह टाळा, त्याने वाट उखडते. आणि डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेली बाई, गुरे घेऊन निघालेला गुराखी, टेकडीवर फिरायला आलेले आजी-आजोबा समोरून आले, तर सायकलवरून उतरा, डोंगराच्या खालच्या बाजूला सरका आणि त्यांना आधी जाऊ द्या. या वाटा त्यांच्या रोजच्या वापरामुळेच शिल्लक आहेत.